गॅरी फिशर

गॅरी फिशर (जन्म: ५ नोव्हेंबर १९५०, ओकलंड, कॅलिफोर्निया, अमेरिका) हे अमेरिकन सायकलपटू, सायकल-रचनाकार व उद्योजक आहेत. माउंटन बाइक, म्हणजे डोंगराळ व कच्च्या वाटांवर चालविण्याची सायकल, आणि तिच्या शर्यतींचा खेळ घडविणाऱ्या उत्तर कॅलिफोर्नियातील मंडळींमध्ये त्यांची गणना होते. हौशी शर्यतपटू म्हणून वयाच्या बाराव्या वर्षी सुरू झालेली त्यांची वाटचाल १९६८ मध्ये केस लांब असल्याच्या कारणावरून झालेल्या निलंबनाने खंडित झाली. संबंधित नियम १९७२ मध्ये मागे घेण्यात आल्यावर ते शर्यतींकडे परतले. या पुनरागमनानंतरच्या दशकात, रस्त्यावरील शर्यतींच्या जोडीने मित्रांसह डोंगरात केलेल्या स्वारीतून आणि जुन्या सायकलींवरील प्रयोगांतून माउंटन बाइकच्या जडणघडणीत त्यांचा सहभाग सुरू झाला. १९७९ मध्ये चार्ली केली यांच्यासह त्यांनी 'माउंटनबाइक्स' ही कंपनी स्थापन केली. या खेळाचे नाव पुढे याच शब्दावरून रूढ झाले.

बालपण आणि सुरुवातीच्या शर्यती

फिशर यांचे बालपण कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या परिसरात गेले. १९६० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत सायकल हे प्रामुख्याने लहान मुलांचे वाहन मानले जाई. प्रौढ माणसे मोटारीने प्रवास करीत आणि सायकल शर्यत हा स्थलांतरित युरोपीय कुटुंबांनी व मोजक्या स्थानिक क्लबांनी टिकवून धरलेला छोटा खेळ होता. या शर्यतींचे नियमन 'अमॅच्युअर बायसिकल लीग ऑफ अमेरिका' ही संस्था करीत असे. नावाप्रमाणेच ही हौशी खेळाडूंची संघटना होती. तिचा परवाना असल्याशिवाय अधिकृत शर्यतीत उतरता येत नसे.

फिशर यांनी वयाच्या बाराव्या वर्षी शर्यतींत भाग घेण्यास सुरुवात केली. रस्त्यावरील शर्यतींबरोबरच सायक्लोक्रॉस या प्रकाराशीही त्यांचा परिचय झाला. सायक्लोक्रॉसमध्ये हिवाळ्यात चिखल, गवत व अडथळे असलेल्या छोट्या फेऱ्यांच्या मार्गावर शर्यत होते आणि अवघड जागी सायकल खांद्यावर घेऊन धावावे लागते. रस्त्याबाहेर सायकल हाताळण्याचा हा अनुभव त्यांना पुढे उपयोगी पडला.

निलंबन (१९६८–१९७२)

१९६८ मध्ये फिशर यांना शर्यतींमधून निलंबित करण्यात आले. त्यांचे केस फार लांब आहेत, हे कारण त्यासाठी देण्यात आले. त्या वेळी त्यांना अठरा वर्षेही पूर्ण झालेली नव्हती. शर्यतीतील गैरप्रकार, उत्तेजक द्रव्यांचे सेवन किंवा सामनाधिकाऱ्यांशी वर्तन यांपैकी कशाशीही या कारवाईचा संबंध नव्हता.

या घटनेमागे तत्कालीन सामाजिक पार्श्वभूमी आहे. सॅन फ्रान्सिस्को हे त्या काळी हिप्पी चळवळीचे केंद्र होते. तरुणांचे लांब केस हे व्हिएतनाम युद्धाला आणि प्रस्थापित जीवनपद्धतीला असलेल्या विरोधाचे चिन्ह मानले जात होते. शाळा, कार्यालये आणि क्रीडासंस्था यांच्या दृष्टीने ते शिस्तभंगाचे लक्षण होते. हौशी खेळात पैशांचा प्रश्न नसल्यामुळे खेळाडूच्या हातात करार किंवा कायदेशीर संरक्षण असे काही नसे. परवाना नाकारला गेला की स्पर्धेचा मार्गच बंद होत असे.

निलंबनाच्या काळात फिशर सॅन फ्रान्सिस्को परिसरातील संगीतविश्वात वावरले. रॉक संगीताच्या मैफलींत पडद्यावर रंगीत प्रकाशाचे खेळ दाखविण्याची प्रथा तेव्हा लोकप्रिय होती. 'ग्रेटफुल डेड' या वाद्यवृंदासारख्या कलाकारांच्या कार्यक्रमांसाठी असे प्रकाशखेळ सादर करण्यात त्यांचा सहभाग होता. अधिकृत शर्यती मात्र या चार वर्षांत त्यांच्यासाठी बंद राहिल्या.

शर्यतीकडे पुनरागमन

केसांसंबंधीचा नियम १९७२ मध्ये रद्द झाला आणि फिशर पुन्हा शर्यतींत उतरले. त्यांनी रस्त्यावरील शर्यतींमध्ये प्रगती करीत हौशी शर्यतपटूंची सर्वोच्च श्रेणी, म्हणजे प्रथम श्रेणी, गाठली. या काळात त्यांनी सायकलविषयक नियतकालिकासाठी नव्या सायकलींची परीक्षणे लिहिण्याचे कामही केले. त्यामुळे विविध देशांतील सुट्या भागांची आणि त्यांच्या गुणदोषांची त्यांना चांगली माहिती झाली.

सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस, गोल्डन गेट पुलापलीकडे असलेल्या मरिन काउंटीत ते राहत असत. तेथील चार्ली केली हे त्यांचे मित्र व काही काळ सहनिवासी होते. केली हे 'सन्स ऑफ चॅम्पलिन' या वाद्यवृंदाच्या साहित्याची ने-आण व मांडणी करण्याचे काम करीत. दोघेही 'वेलो क्लब टॅमल्पाइस' या स्थानिक सायकल क्लबाशी संबंधित होते. जो ब्रीझ हे सायकलपटूही याच क्लबाचे सदस्य होते. क्लबाचे सदस्य आठवडाभर रस्त्यावर सराव करीत. मोकळ्या वेळात त्यांपैकी काही जण जवळच्या माउंट टॅमल्पाइस या डोंगरात जुन्या सायकली घेऊन जात.

क्लंकर सायकली

डोंगरात नेल्या जाणाऱ्या या सायकलींना 'क्लंकर' म्हणत. मराठीतील 'खटारा' हा शब्द तिला शोभावा असे तिचे रूप होते. १९३० व १९४० च्या दशकांत अमेरिकेत बनलेल्या, एकच गिअर असलेल्या, जाड नळ्यांच्या व अतिशय वजनदार अशा या सायकली भंगारातून किंवा जुन्या दुकानांतून अल्प किमतीत मिळत. श्विन कंपनीने १९३३ मध्ये बाजारात आणलेले रुंद 'बलून' टायर हे त्यांचे वैशिष्ट्य होते. हे २६ इंची टायर मुलांच्या वापरासाठी, खडबडीत रस्त्यांवरील धक्के सोसण्यासाठी तयार करण्यात आले होते. शर्यतीच्या सायकलीचे अरुंद टायर ज्या वाटेवर क्षणात फुटत, तेथे हे टायर टिकत असत. श्विनच्या 'एक्सेलसियर' या सायकलीच्या फ्रेमची भूमिती डोंगरउतारासाठी विशेष सोयीची ठरल्याने तिला मागणी होती.

मरिन काउंटीत अशा सायकली वापरणारे फिशर हे पहिले नव्हते. १९७० च्या दशकाच्या आरंभी लार्कस्पर या गावातील तरुणांचा एक गट त्या डोंगरउतारावर चालवीत असे आणि क्लबाच्या सदस्यांनी हा छंद त्यांच्याकडूनच उचलला.

या सायकलींची मोठी मर्यादा म्हणजे त्या केवळ उताराच्या उपयोगाच्या होत्या. एकाच गिअरमुळे आणि वजनामुळे त्या चढावर चालविणे जवळजवळ अशक्य असे. चालक त्या ढकलत वर नेत किंवा एखाद्या मालमोटारीतून डोंगरमाथ्यावर पोहोचवीत.

तांत्रिक बदल

१ डिसेंबर १९७४ रोजी मरिन काउंटीतील मिल व्हॅली येथे झालेल्या सायक्लोक्रॉस शर्यतीत दक्षिणेकडील कुपर्टिनो या शहरातून आलेल्या 'मोरो डर्ट क्लब' या गटाचे काही सायकलपटू सहभागी झाले. त्यांच्या रुंद टायरच्या जुन्या सायकलींना साखळी एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर सरकविणारी डिरेल्युअर गिअर यंत्रणा, हॅंडलवरून अंगठ्याने गिअर बदलण्याची कळ आणि ड्रम ब्रेक बसविलेले होते. मरिनमधील मंडळींनी असे बदल पाहण्याची ही पहिलीच वेळ होती. कुपर्टिनोचा हा गट त्यानंतर या क्षेत्रात फारसा दिसला नाही.

त्यानंतर फिशर यांनी आपल्या श्विन एक्सेलसियर सायकलीत क्रमाने पुढील बदल केले:

- जोडसायकलीसाठी बनविलेल्या ड्रम ब्रेकच्या हबचा वापर. या हबवर अनेक दातेरी चक्रांचा संच बसविता येत असल्यामुळे जोरकस ब्रेक आणि गिअर दोन्ही एकाच चाकावर मिळाले.
- पेडलपाशी तीन दातेरी चक्रे व मागे डिरेल्युअर. यामुळे चढासाठी पुरेसे हलके गिअर उपलब्ध झाले.
- अंगठ्याने चालविण्याची गिअरची कळ. अवघड वाटेवर हॅंडलवरील हात न सोडता गिअर बदलणे त्यामुळे शक्य झाले.
- मोटारसायकलीचे लांब ब्रेक लिव्हर. त्यामुळे ड्रम ब्रेक कमी श्रमात दाबता येत.
- झटपट उघडणारी बैठकीची पकड. चढावर बैठक उंच आणि उतारावर खाली करण्यासाठी तिचा उपयोग होई.

यांतील एकही भाग फिशर यांनी नव्याने शोधलेला नव्हता. फ्रान्स, इंग्लंड व जपान येथे वेगवेगळ्या कामांसाठी बनलेले भाग त्यांनी एका सायकलीवर एकत्र केले. परिणाम मात्र महत्त्वाचा होता. ही सायकल १८ किलोग्रॅमपेक्षा अधिक वजनाची असली, तरी तिच्यावर बसून डोंगर चढता येत असे. जी स्वारी उतारापुरती मर्यादित होती, ती दिवसभराची भटकंती झाली. केली व इतर सहकाऱ्यांनी लवकरच आपापल्या सायकलींत हेच बदल करून घेतले.

रिपॅक शर्यत

मरिन काउंटीतील फेअरफॅक्स या गावाजवळ वणवे विझविण्यासाठी वाहनांना जाता यावे म्हणून आखलेला एक कच्चा रस्ता आहे. तीन किलोमीटरहून थोड्या अधिक अंतरात तो सुमारे ४०० मीटर खाली उतरतो. त्यावर तीव्र वळणे, सुटे दगड आणि पावसाने पडलेल्या घळी आहेत. जुन्या सायकलींचा मागील ब्रेक हबच्या आत असे आणि पेडल उलट दिशेने दाबून तो लावावा लागे. या उतारावर सतत ब्रेक लावल्याने हब इतका तापे की आतील ग्रीस जळून त्याचा धूर होई. तळाशी पोहोचल्यावर हब उघडून त्यात नवे ग्रीस भरावे लागे. पुन्हा ग्रीस भरण्याच्या या क्रियेसाठीच्या इंग्रजी शब्दावरून या रस्त्याला 'रिपॅक' हे नाव पडले.

सर्वांत वेगवान कोण, हा मित्रमंडळीतील वाद मिटविण्यासाठी २१ ऑक्टोबर १९७६ रोजी येथे पहिली शर्यत घेण्यात आली. ती ॲलन बाँड्स यांनी जिंकली. न पडता खाली पोहोचलेले ते एकमेव स्पर्धक होते. शर्यतींचे आयोजन प्रामुख्याने चार्ली केली करीत. स्पर्धकांना ठराविक अंतराने एकेकट्याने सोडले जाई आणि जुळविलेल्या दोन घड्याळांपैकी एक वर व एक खाली ठेवून वेळ मोजली जाई. प्रवेशासाठी परवाना, गणवेश किंवा श्रेणी यांची अट नव्हती. मोठी बक्षिसेही नव्हती. स्पर्धकांमध्ये क्लबाचे शर्यतपटू तसेच केवळ हौसेखातर आलेले स्थानिक रहिवासी असत. वेंडी क्रॅग यांनी या शर्यतींत भाग घेतला, तसेच त्यांची छायाचित्रेही टिपली. या खेळाच्या आरंभकाळाचा तो एक प्रमुख दृश्य पुरावा आहे.

फिशर यांनी १९७६ च्या अखेरीस हा उतार ४ मिनिटे २२ सेकंदांत पूर्ण केला. हा या मार्गावरील विक्रम ठरला. सरासरी वेग ताशी ४० किलोमीटरहून अधिक होता. ब्रीझ यांची सर्वोत्तम वेळ ४ मिनिटे २४ सेकंद, म्हणजे केवळ दोन सेकंदांनी अधिक होती. सर्वाधिक विजय मात्र ब्रीझ यांच्या नावावर आहेत. बहुतेक शर्यती १९७९ पर्यंत झाल्या. त्यानंतर खंड पडून १९८३ व १९८४ मध्ये आणखी शर्यती घेण्यात आल्या आणि ती परंपरा तेथे संपली.

रिपॅकचे महत्त्व केवळ विक्रमांत नाही. प्रत्येक शर्यतीत काही ना काही मोडत असे आणि कोणती फ्रेम, कोणता फोर्क किंवा कोणते हॅंडल टिकते हे सर्वांसमोर सिद्ध होई. चाळीस वर्षांपूर्वी मुलांसाठी बनलेल्या फ्रेम या वापरात तडकू लागल्या. जुन्या फ्रेमचा साठाही मर्यादित होता. त्यामुळे याच कामासाठी नवी फ्रेम बनविण्याची आवश्यकता निर्माण झाली.

१९७८ मध्ये फिशर, केली, ब्रीझ व क्रॅग यांच्यासह कॅलिफोर्नियातील एक छोटा गट कोलोरॅडो राज्यात गेला. क्रेस्टेड ब्यूट या खाणकामगारांच्या जुन्या गावातील काही रहिवाशांनी १९७६ मध्ये अशाच जुन्या सायकलींवरून, ३,८०० मीटरहून उंच असलेला पर्ल पास हा घाट ओलांडून ॲस्पेन गाठले होते. दोन्ही गटांनी मिळून केलेल्या या प्रवासामुळे, एकमेकांपासून दूर स्वतंत्रपणे वाढलेल्या दोन परंपरांचा संबंध जुळला.

माउंटनबाइक्स कंपनी

जो ब्रीझ यांनी १९७७ मध्ये क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाच्या नळ्यांपासून, सर्व भाग नवे असलेली पहिली खास डोंगरी सायकल तयार केली. 'ब्रीझर' या नावाने ओळखली जाणारी ही सायकल आता वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेच्या राष्ट्रीय अमेरिकन इतिहास संग्रहालयात आहे. ब्रीझ यांनी अशा मोजक्याच सायकली बनविल्या. १९७९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेस राहणारे तरुण फ्रेमकार टॉम रिची यांनी स्वतःसाठी आणि फिशर यांच्यासाठी अशा फ्रेम तयार केल्या. त्यानंतर त्यांनी आणखी नऊ फ्रेम बनविल्या, परंतु आपल्या परिसरात त्यांना ग्राहक मिळेना. त्या विकून देण्याविषयी त्यांनी फिशर यांना विचारले.

फिशर व केली यांनी काहीशे डॉलरच्या भांडवलावर 'माउंटनबाइक्स' ही कंपनी सुरू केली. केवळ या प्रकारच्या सायकलींचा व्यवसाय करणारी ही पहिली कंपनी मानली जाते. रिची फ्रेम बनवीत आणि फिशर व केली भाग जोडून पूर्ण सायकल विकत. एका सायकलीची किंमत सुमारे १,३०० डॉलर होती. त्या काळी ती उत्तम शर्यती सायकलीच्या तोडीची होती. पाच-दहा डॉलरच्या भंगारातून सुरू झालेल्या छंदासाठी ही किंमत मोठी असूनही मागणी वाढत गेली.

१९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीने रिची यांच्या फ्रेमवर आधारलेली, जपानमध्ये तयार झालेली 'स्टम्पजम्पर' ही सायकल सुमारे निम्म्या किमतीत बाजारात आणली. मोठ्या प्रमाणावर उत्पादन झालेली ही पहिली माउंटन बाइक होय. अन्य कंपन्याही लवकरच या क्षेत्रात उतरल्या. 'माउंटनबाइक्स' हे नाव व्यापारचिन्ह म्हणून नोंदविण्याचा फिशर व केली यांचा प्रयत्न यशस्वी झाला नाही आणि तो शब्द या प्रकारच्या सर्व सायकलींसाठी सामान्यनाम झाला. भागीदारांमधील मतभेद व आर्थिक अडचणी यांमुळे १९८३ मध्ये ही भागीदारी संपुष्टात आली. केली यांनी व्यवसाय सोडला आणि १९८० मध्ये सुरू झालेल्या 'फॅट टायर फ्लायर' या नियतकालिकाद्वारे ते या खेळाविषयी लिहीत राहिले. रिची यांनी स्वतंत्र व्यवसाय केला. फिशर यांनी स्वतःच्या नावाने सायकलनिर्मिती पुढे चालू ठेवली.

१९९१ मध्ये फिशर यांची कंपनी ॲनलेन या तैवानी उद्योगाने विकत घेतली आणि १९९३ मध्ये ती ट्रेक या अमेरिकन कंपनीकडे गेली. मालकी गेली तरी फिशर रचनाकार व प्रतिनिधी म्हणून आपल्या नावाच्या सायकलींशी जोडलेले राहिले. २०१० मध्ये ट्रेकने स्वतंत्र 'गॅरी फिशर' नाममुद्रा बंद करून त्या सायकली आपल्याच नावाखालील एका संग्रहात समाविष्ट केल्या.

रचनेतील पुढील योगदान

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात फिशर यांच्या सायकलींत 'जेनेसिस' या नावाची फ्रेमरचना आली. तिच्यात फ्रेमची वरची नळी लांब व हॅंडलला जोडणारा दांडा आखूड ठेवण्यात आला होता. त्यामुळे उतारावर चालक पुढे फेकला जाण्याचा धोका कमी होई आणि हॅंडलवरील नियंत्रण वाढे. फ्रेम लांब व दांडा आखूड ठेवण्याची पद्धत पुढे बहुतेक निर्मात्यांनी स्वीकारली.

२९ इंची चाकांचा पुरस्कार हे त्यांचे दुसरे महत्त्वाचे योगदान आहे. माउंटन बाइकचे चाक २६ इंची असण्यामागे तांत्रिक कारण नव्हते. भंगारातील जुन्या सायकलींना त्या मापाचे चाक होते, म्हणून ते रूढ झाले. मोठे चाक दगड व मुळे यांवरून अधिक सहज जाते. हे लक्षात घेऊन, २००० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत मोठ्या कंपन्यांपैकी गॅरी फिशर नाममुद्रेने सर्वप्रथम २९ इंची सायकलींचा सातत्याने पाठपुरावा केला. आरंभी त्यांच्यावर टीका झाली. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये चेक प्रजासत्ताकाच्या यारोस्लाव्ह कुल्हावी यांनी २९ इंची सायकलीवर पुरुषांचे सुवर्णपदक जिंकले आणि त्यानंतर शर्यतींतून २६ इंची चाक जवळजवळ लोप पावले.

खेळाचे संघटन

१९८३ मध्ये विमा, सुरक्षितता व शर्यतींचे एकसमान नियम यांच्या गरजेतून 'नॅशनल ऑफ-रोड बायसिकल असोसिएशन' ही संस्था स्थापन झाली. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेची मान्यता असलेली पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९९० मध्ये कोलोरॅडोतील डुरॅंगो येथे भरली. तेथे क्रॉस-कंट्री प्रकारात नेड ओव्हरएंड व जुली फर्टाडो विजेते ठरले. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये या खेळाचा प्रथमच समावेश झाला आणि नेदरलँड्सचे बार्ट ब्रेंटयेन्स व इटलीच्या पाओला पेझो यांनी सुवर्णपदके मिळविली. परवाना व नियम यांविना सुरू झालेल्या रिपॅकच्या पहिल्या शर्यतीनंतर अवघ्या वीस वर्षांत हा खेळ ऑलिंपिकपर्यंत पोहोचला.

फिशर यांनी उद्योजक झाल्यानंतरही शर्यतींत भाग घेणे सोडले नाही. ज्येष्ठ शर्यतपटूंसाठी असलेल्या 'मास्टर्स' गटात त्यांनी क्रॉस-कंट्री प्रकाराचे राष्ट्रीय विजेतेपद मिळविले. आल्प्स पर्वत ओलांडणाऱ्या 'ट्रान्सआल्प' या अनेक दिवसांच्या शर्यतीतही त्यांनी यश मिळविले.

जनकत्वाविषयीचे मतभेद

फिशर यांचा उल्लेख अनेकदा 'माउंटन बाइकचे जनक' असा केला जातो. हे वर्णन सर्वमान्य नाही. रस्त्याबाहेर सायकल चालविण्याचा इतिहास बराच जुना आहे. १८९७ मध्ये अमेरिकी लष्कराच्या २५ व्या पायदळातील कृष्णवर्णीय सैनिकांच्या तुकडीने मोंटाना राज्यातील मिझुला ते सेंट लुइस हा सुमारे ३,००० किलोमीटरचा प्रवास सायकलींवरून केला होता. १९५० च्या दशकात पॅरिसजवळील एका क्लबाने खडबडीत मार्गांवरील शर्यतींसाठी सायकलींत बदल केले होते. कॅलिफोर्नियातील जॉन फिनली स्कॉट यांनी १९५३ मध्ये रुंद टायर, सरळ हॅंडल व गिअर असलेली जंगलवाटांची सायकल तयार केली होती. गिअरची कल्पना मरिनमध्ये कुपर्टिनोच्या गटाने आणली, पहिली खास फ्रेम ब्रीझ यांची होती, उत्पादनक्षम फ्रेम रिची यांनी बनविल्या आणि शर्यतींचे व लेखनाचे काम केली यांनी केले.

या सर्वांच्या तुलनेत फिशर यांचे वेगळेपण असे की, चढ-उतार दोन्ही करू शकणारी सायकल जुळविणे, तिच्यावर शर्यत करणे आणि ती सामान्य ग्राहकापर्यंत पोहोचविणे या तिन्ही टप्प्यांत ते सहभागी होते. स्कॉट यांच्यासारख्या पूर्वसूरींचे प्रयोग व्यक्तिगत राहिले. मरिनमधील प्रयोगांभोवती मित्रमंडळ, शर्यत, नियतकालिक आणि दुकान उभे राहिले व त्यामुळे ते टिकले. या विषयावरील 'क्लंकर्झ' (२००६) या माहितीपटात आरंभकाळातील अनेकांच्या आठवणी संकलित आहेत. केली यांचे 'फॅट टायर फ्लायर' (२०१४) हे पुस्तक आणि फिशर यांचे आत्मकथन (२०२०) यांतूनही या घटनांचे वेगवेगळे दृष्टिकोन समोर येतात.

वाटांवरील निर्बंध

माउंटन बाइकचा प्रसार झाल्यावर तिच्या जन्मभूमीतच तिच्यावर निर्बंध आले. पदभ्रमण करणारे, घोडेस्वार व पर्यावरणप्रेमी यांनी वेगवान सायकलींमुळे होणारे अपघात आणि वाटांची धूप यांविषयी तक्रारी केल्या. माउंट टॅमल्पाइस परिसरातील बहुतेक अरुंद पायवाटा सायकलींसाठी बंद करण्यात आल्या आणि कच्च्या रस्त्यांवर ताशी १५ मैल, म्हणजे सुमारे २४ किलोमीटर, ही वेगमर्यादा घालण्यात आली. फिशर यांनी रिपॅकवर नोंदविलेला सरासरी वेग या मर्यादेच्या दीडपटीहून अधिक होता. वाटांच्या वापराचा हा प्रश्न मरिन काउंटीत वादग्रस्त राहिला आहे.

सन्मान आणि वारसा

१९८८ मध्ये फिशर यांचा माउंटन बाइक हॉल ऑफ फेममध्ये समावेश करण्यात आला. ही संस्था आरंभी क्रेस्टेड ब्यूट येथे होती. २०१५ पासून ती रिपॅकच्या पायथ्यापासून जवळ असलेल्या फेअरफॅक्स येथील मरिन सायकल संग्रहालयात आहे. शहरी वाहतुकीत सायकलीचा वापर वाढावा यासाठीही फिशर यांनी प्रचार केला आहे. रुबाबदार सूट व वळविलेल्या मिशा ही त्यांची ओळख बनली आहे. ज्या खेळाडूला तरुणपणी केसांच्या लांबीवरून शर्यतीबाहेर काढण्यात आले होते, त्याच्या नावाच्या सायकलींवर पुढे जगभरातील शर्यतपटूंनी स्पर्धा केल्या.